मुक्काम पोस्ट जांभळं बूच

प्रति,
श्रीमान एथिलीन-डायअमाइन-टेट्रा-ॲसिटिक ॲसिड ऊर्फ ईडीटीएराव,
रा. जांभळ्या बुचाची नळी, कोणतीही लॅब, नांदेड.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, शनिवारी संध्याकाळी माझ्या मोबाइलवर एक पीडीएफ येऊन पडली आणि तिच्यात माझ्या प्लेटलेट्स ८४,००० निघाल्या. दीड लाख ते साडेचार लाख या मर्यादेच्या खाली, म्हणून आकडा ठळक अक्षरात, त्याला लागून इंग्रजी ‘एल’, आणि एवढ्याने कुणाला कळलं नाही तर म्हणून खाली तोंड केलेला बाण. पानाच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ अशी सूचना. ज्यांनी कोरिलेट करायचं ते सगळे तोवर दवाखान्याचं शटर ओढून घरी गेले होते. रविवारभर मग मीच कोरिलेट केलं. आरशापुढे उभी राहून हिरड्या बघितल्या, दंडावरचा एक जुना डाग नवा आहे का यावर नवऱ्याशी भांडले, आणि मोबाइलला विचारलं. मोबाइलने तिसऱ्याच ओळीत रक्ताच्या कर्करोगाचं नाव काढलं. त्याच्याकडे धीर नावाचा विभाग नाही.

सोमवारी डॉक्टर लेनमध्ये आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि मला प्रश्न विचारायला लागले. दात घासताना रक्त येतं का? नाकातून? काही न लागता अंगावर निळे डाग? पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके? शौचाला काळं होतं का? सगळ्याला नाही. ताप येऊन गेला होता, म्हणूनच तर तपासणी केली होती, पण आता अंगात काही नव्हतं. मग म्हणाले, “नळीत गुठळ्या झाल्या असतील. काही जणांच्या रक्ताचं ईडीटीएशी पटत नाही. नाहीतर तापामुळेही पेशी उतरल्या असतील, त्यांना भरून यायला थोडा वेळ देऊ. पुढच्या गुरुवारी परत करू, दोन वेगळ्या नळ्यांत. तोवर ॲस्पिरिन, ब्रुफेन असलं काही घ्यायचं नाही. आणि मी विचारलं त्यातलं काहीही दिसलं, किंवा डोकं फार दुखायला लागलं, ताप परत आला, तर गुरुवारची वाट बघायची नाही.”

अशी आपली ओळख झाली, ईडीटीएराव.

आता तुमच्यावर फक्त संशय आहे. गुन्हा शाबीत झालेला नाही आणि शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष, हा न्याय तुम्हाला बिनबोभाट लागू झाला. तुम्ही आजही चौकातल्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात बसून आहात आणि रोज सकाळी नव्या माणसाच्या रक्ताला सामोरे जात आहात. माझ्या बाबतीत मात्र कायदा उलटा चालला. आकडा आला त्या मिनिटापासून मी दोषी. आता निर्दोष असल्याचं मीच गुरुवारी दंड उघडा करून सिद्ध करायचं. माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या हिशेबखात्यात गेली. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आम्ही खातेदाराच्या घरी पोलीस धाडत नाही. आधी बेरीज पुन्हा मारतो, मग व्हाउचरं पुन्हा लावतो, आणि मग शिपायाला टेबलाखाली वाकायला सांगतो. रक्ताच्या दुनियेत ही साधी शिस्त नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

वाट बघताना माणूस नको ते वाचतो. मी तुमचं चरित्र वाचलं. १९३५ साली जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ नावाच्या रसायनतज्ज्ञाने तुम्हाला जन्म दिला, आणि तोही रक्तासाठी नव्हे. कापड रंगवताना जड पाण्यातला कॅल्शियम आडवा येतो, त्याला धरून ठेवायला सायट्रिक ॲसिड वापरायचे. ते बाहेरून आणावं लागे, म्हणून देशी पर्याय हवा होता. तो पर्याय म्हणजे तुम्ही. कॅल्शियम असो वा दुसरा धातू, दिसेल तो चिमट्यात पकडायचा, हा तुमचा एकमेव गुण. त्या एका गुणावर तुम्ही साबणात शिरलात, डोळ्यांच्या थेंबांत शिरलात, मेयोनेझच्या बाटलीत शिरलात, रूट कॅनॉल करणाऱ्या दंतवैद्याच्या सुईत शिरलात. शिशाची विषबाधा झालेल्यांना तुमच्यामुळे आराम पडला, हेही मान्य. आणि रक्त गोठायला कॅल्शियम लागतो, तो तुम्ही काढून घेतला की नळीतलं रक्त पातळ राहतं, म्हणून तुम्हाला जांभळ्या बुचाखाली बढती मिळाली. रक्तपेशी मोजायच्या तर नळीत हेच गृहस्थ हवेत, अशी शिफारस रक्तशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मानक परिषदेने १९९३ साली केली. (आमच्या भागात १९९३ म्हटलं की किल्लारीच्या भूकंपाशिवाय दुसरं काही आठवत नाही. त्याच वर्षी जगात कुणीतरी शांतपणे बसून नळ्यांचा विचार करत होतं, हे वाचून मला विचित्रच वाटलं.)

पण तुमच्या चरित्रातलं एक पान तुमच्या बायोडेटात नसतं. हजारात साधारण एखाद्या माणसाच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की जी एरवी गप्प बसून असतात. शरीरात त्यांचा कुणाला उपद्रव नाही. प्लेटलेटच्या अंगावरचं एक प्रथिन कॅल्शियमच्या आधाराने आपला आकार धरून असतं. नळीत तुम्ही तो आधार काढून घेता, प्रथिनाचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो, आणि ही प्रतिपिंडं त्याला जाऊन चिकटतात. प्लेटलेट्स एकमेकींना बिलगून त्यांचे घोळके होतात. नळी जितका वेळ थंड पडून राहील तितके घोळके वाढतात. सकाळी घेतलेलं रक्त डब्यात घालून मोटारसायकलवरून दुसऱ्या पेठेतल्या मोठ्या मशीनकडे जाणार आणि दुपारी मोजलं जाणार, अशी व्यवस्था असेल तर तुम्हाला तुमचं काम करायला भरपूर सवड मिळते. तुमची ही खोड १९६९ सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली आहे. म्हणजे गुन्हा नवा नाही, गुन्हेगार अनोळखी नाही, पद्धतही ठाऊक आहे. तरी दर वेळी तपास पेशंटचाच.

पुढचा साथीदार म्हणजे मशीन. अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टर यांनी १९५३ साली पेटंट मिळवलेलं तंत्र आजही बहुतेक मशीनच्या पोटात आहे. एका बारीक भोकातून पेशी एकेक करून जातात, प्रत्येक पेशीगणिक विजेला किंचित अडथळा होतो, तो अडथळा मोजायचा. लहान अडथळा म्हणजे प्लेटलेट, मोठा म्हणजे इतर कुणी. आता वीस प्लेटलेट्स गळ्यात गळे घालून त्या भोकातून गेल्या तर मशीन त्यांना वीस म्हणत नाही. एक म्हणतं, आणि पुष्कळदा ती एकही पांढऱ्या पेशीच्या खात्यावर टाकतं. आमच्याकडे डेंग्यूच्या दिवसांत नांदेडपासून उदगीरपर्यंत कुणाच्याही प्लेटलेट्स उतरल्या की लोक म्हणतात, “पांढऱ्या पेशी कमी झाल्या.” शिकलेली माणसं त्यावर हसतात. लाखो रुपयांचं मशीन तुमच्या नादाने अगदी तोच गोंधळ घालतं, फक्त इंग्रजीत छापून देतं, त्याला कुणी हसत नाही.

ही भानगड ओळखायची रीत इतकी जुनी आणि स्वस्त आहे की सांगायला संकोच वाटतो. काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. घोळके असतील तर पट्टीच्या कडेला सरळ दिसतात. घोळके नसतील तर तेलाच्या भिंगाखाली दहा जागी नजर टाकायची, एका जागी सरासरी किती प्लेटलेट्स दिसल्या ते काढायचं आणि पंधरा हजारांनी गुणायचं; ढोबळ आकडा हातात येतो. हिशेबनीस बाईला हे ऐकून किती बरं वाटलं असेल! मी लॅबमध्ये जाऊन विचारलं, “स्लाइड बघितली का?” काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काकू, आपलं मशीन फाइव्ह-पार्ट आहे.” मी विचारलं, “मग डोळ्याचा पार्ट कुणाकडे आहे?” तो हसला आणि पुढच्या माणसाची पावती फाडायला लागला. रिपोर्टवर पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टची सही हवी, या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कौल दिला होता. माझ्या रिपोर्टवर सही होती. ती सगळ्याच रिपोर्टांवर हुबेहूब एकाच जागी, एकाच वळणाची असते आणि रविवारीही उमटते, एवढंच मी नोंदवून ठेवते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं, एक आकडाच तर चुकला. ईडीटीएराव, तुमच्या खोट्या साक्षीवर माणसांना स्टेरॉइडं चालू झाल्याची, प्लेटलेट्सच्या पिशव्या चढल्याची, ठरलेली ऑपरेशनं पुढे गेल्याची, हाडातला मगज काढून तपासल्याची, इतकंच काय, प्लीहा काढून टाकल्याचीसुद्धा उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. हजारात एक हे प्रमाण धरलं तर २०११च्या जनगणनेतल्या साडेपाच लाख नांदेडकरांत साडेपाचशे आणि पावणेचार लाख लातूरकरांत पावणेचारशे माणसं तुमच्या यादीत बसतात. हिशेब ढोबळ आहे, पण एक लग्नमंडप भरेल. त्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

तुमच्यावर सगळंच ढकलणं बरोबर नाही, म्हणून मर्यादांबद्दलही दोन शब्द लिहिते. रिपोर्टच्या उजव्या रकान्यातली ती ‘नॉर्मल रेंज’ बहुतेक चाचण्यांत अशी ठरते: भरपूर निरोगी माणसं तपासायची, त्यातली मधली ९५ टक्के घ्यायची, दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के सोडून द्यायची. सोडलेलीही निरोगीच असतात. म्हणजे धडधाकट वीस माणसांत एक जण रेषेबाहेर असणार, हे रेष आखतानाच ठरलेलं असतं. आता ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घ्या. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर शंभर निरोगी माणसांतल्या ३६ जणांचाच रिपोर्ट पूर्ण स्वच्छ येईल. उरलेल्या ६४ जणांना कुठे ना कुठे एक ठळक आकडा मिळणारच. पैसे वसूल झाल्याचं समाधान त्यातूनच मिळत असावं. हा युक्तिवाद मी स्वतःसाठी वापरत नाही. ८४ हजार म्हणजे काही काठावरचा आकडा नव्हे, हे मला कळतं. आमच्या गल्लीतल्या काकांसाठी लिहिते. त्यांचं युरिक ॲसिड मर्यादेच्या दशांशभर वर गेलं आणि त्या दिवसापासून घरात वरण शिजायचं बंद झालं. काकू वैतागल्यात.

बरं, आकडा छापून तुमचं काम संपलं. पुढचं आमच्या नातेवाइकांनी हाती घेतलं.

लातूरला माझ्या धाकट्या नणंदबाई असतात. भाद्रपदाचे दिवस, आमच्याकडे महालक्ष्म्या, त्यामुळे त्या येणारच होत्या. यंदा चार दिवस आधी आल्या आणि सोबत प्लास्टिकच्या बाटलीत शेळीचं दूध घेऊन आल्या. “वयनी, तोंड वाकडं करू नका. कितीक झाल्या पेशी? काही खालालाव का न्हाई?” पेशी किती झाल्या हे गुरुवारशिवाय कळणार नाही, हे त्यांना पटलं नाही. तब्येत ही दर तासाला विचारायची गोष्ट आहे, असं त्यांचं मत. वजिराबादेतून दीर किवी घेऊन आले. जाऊबाईंनी ड्रॅगनफ्रूट आणलं, कारण आता ते आपल्याकडेच पिकतं आणि दिसतंही औषधासारखं. मागच्या आळीतल्या पपईच्या झाडाची पानं इतकी खुडली गेली की त्या झाडाचीच तपासणी करायची वेळ आली. पपईच्या पानांवर डेंग्यूच्या संदर्भात काही लहानसहान प्रयोग झालेले आहेत. पण ईडीटीएराव, पेशी जर माझ्या अंगात पुरेशा असतील आणि फक्त तुमच्या नळीत घोळका करून बसल्या असतील, तर तो कडू रस मी पिऊन काय उपयोग? खरं तर तो नळीत ओतायला हवा.

सगळ्यात धोक्याचा ठरला असता तो गुळवेलीचा काढा. चुलत सासऱ्यांनी तो मोठ्या मायेने पाठवला होता. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्यावर जोरदार हरकत घेतली. तो वाद सोडवणं माझं काम नाही. पण पुन्हा तपासणी होईपर्यंत पोटात नवीन काही घालायचं नाही, एवढं मी ठरवलं. गुरुवारी एक आकडा सुधारला आणि यकृताचा दुसरा बिघडला, तर कोणाला पत्र लिहू? काढा कुंडीत गेला. जास्वंदीला कळ्या आल्यात, पण त्याचं श्रेय कुणालाही द्यायला मी तयार नाही.

एका माणसाने मात्र काहीही आणलं नाही. नणंदेचा मुलगा. तो लातूरला नीटची तयारी करतो आणि गेल्या वर्षी थोडक्यात राहिल्यामुळे आता रिपीटर बॅचला आहे. लातुरात ‘रिपीट’ ही काही शरमेची गोष्ट नाही. त्यासाठी वेगळ्या इमारती आहेत, वेगळ्या खानावळी आहेत. तो फुलोऱ्याच्या करंज्यांचं सारण चाखत म्हणाला, “मामी, निकाल लागेपर्यंत कटऑफचे व्हिडिओ बघायचे नसतात. आम्ही ॲपच काढून टाकतो.” मी मोबाइलमधून ती पीडीएफ पुसली. (नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे, पण त्यांचं चार्जिंग नेहमी संपलेलं असतं.) आकडा संशयास्पद वाटला म्हणून परत परीक्षा घ्यायची, हे या पोरांनी बघितलेलं आहे. २०२४ला वाढीव गुणांवरून गोंधळ झाला, तेव्हा देशभरातल्या १,५६३ विद्यार्थ्यांपुढे २३ जूनची फेरपरीक्षा ठेवली. त्यातले ८१३च बसले. बाकीच्यांनी वाढीव गुणांवर पाणी सोडून मूळ आकडा मान्य केला. मला ती सवलत नाही. मला मूळ आकडा मान्यच करायचा नाहीये.

वाट बघण्यावरही अभ्यास झालेला आहे, हे वाचून मला नवल वाटलं. कॅलिफोर्निया विद्यापीठात रिव्हरसाइडला केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. वकिलीची परीक्षा देऊन चार महिने निकालाची वाट बघणाऱ्या २३० पदवीधरांना त्यांनी मधूनमधून प्रश्न विचारले आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. चांगलंच होईल म्हणून बघितलं, वाईटाची तयारी करून बघितली, विचारच न करायचं ठरवून बघितलं. यातल्या कशानेही त्यांची काळजी फारशी कमी झाली नाही. उलट, ज्यांनी ते महिने तळमळत काढले, त्यांना वाईट निकाल आला तर तो जास्त नीट पेलता आला आणि चांगला आला तर आनंदही जास्त झाला. म्हणजे मला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्या सगळ्यांनी सुखाने आपापल्या घरी जावं. टेन्शन घेतल्याने प्लेटलेट्स कमी होत असत्या, तर पतसंस्थेच्या ऑडिटच्या आठवड्यात आमचं अख्खं कार्यालय रक्तपेढीत भरती झालं असतं.

त्याच बाईंच्या पुढच्या कामात एक गोष्ट आहे, ती मात्र उपयोगी पडते: हात आणि डोकं दोन्ही गुंततील असं काम धरलं की ते तास त्यातल्या त्यात बरे जातात. ध्यानाला बसायचं माझ्याने होत नाही. डोळे मिटले की ८४,००० दिसतात, स्वल्पविरामासकट. पण लक्ष्म्यांचा फुलोरा! वेणी, फणी, करंडा, पापडी, साटोरी, करंज्या. प्रत्येकाची कणीक वेगळी, तळणीची आच वेगळी. वेणीचे पेड गुंफताना एक सैल पडला की तेलात सुटतो आणि सासूबाई दुरून बघत असतात. त्या दुपारी मला तुमची एकदाही आठवण झाली नाही. संध्याकाळी सोळा भाज्या निवडताना झाली, कारण जाऊबाईंनी बीट सोलताना मुद्दाम माझ्याकडे बघितलं.

सासूबाई माहेरच्या औसा तालुक्यातल्या. भूकंपाच्या, तीस सप्टेंबरच्या त्या पहाटेनंतर त्या कितीतरी दिवस छपराखाली झोपल्या नव्हत्या. जमीन हलायची थांबली तरी पाय हलायचे थांबले नव्हते, असं सांगतात. माझ्या आकड्यावर त्यांनी एकच वाक्य खर्च केलं. “थांबायचं म्हणलं की थांबायचं. त्यात करायचं काय असतंय?” मग त्यांनी नणंदबाईंच्या हातातली बाटली काढून घेतली आणि त्या दुधाचा चहा करायला लावला. तो कुणालाच प्यायला झाला नाही.

रात्री मात्र कुणी उपयोगी पडत नाही, हेही लिहून ठेवते. दोनच्या सुमाराला डोळा उघडतो. तुमच्यावर संशय घ्यायचा तो कशाच्या जोरावर, डॉक्टरांच्या एका ‘असतील’वर? तेवढ्यात जिभेला हिरडी खारट लागते. दिवा लावून बघावं तर काही नसतं. घाबरायचं कशाला हे डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, म्हणून मी ती यादी आठवते: रक्त, निळे डाग, लाल ठिपके, काळं शौच, डोकेदुखी, ताप. यातलं काही नसेल तर ही काळजी उद्याच्या कामाची नाही, फक्त अंधाराची आहे, असं स्वतःला सांगते. पटतं असं नाही. पण यादीला शेवट असतो आणि मोबाइलच्या पानांना नसतो, एवढा फरक मला त्या वेळी पुरतो.

तर आता गुरुवारबद्दल.

सकाळी माझ्या एकाच दंडातून दोन नळ्या भरल्या जातील. एका नळीत तुम्ही. दुसरीला निळं बूच, आणि तिच्यात सोडियम सायट्रेट. होय, तेच जुनं घराणं, ज्याला बाजूला सारायला १९३५ साली तुम्हाला कारखान्यात जन्माला घातलं होतं. तुमची उलटतपासणी तेच करणार आहेत. निळ्या नळीतलं द्रव रक्तात एक दशांश जास्तीचं मिसळतं, म्हणून तिथला आकडा १.१ ने गुणायचा. हा गुणाकार मी स्वतः करणार, लॅबवर सोडणार नाही. बोटाला टोचून थेट काचपट्टीवर एक थेंब घेतला जाईल, ज्यात तुम्हाला बोटही घालायला मिळणार नाही. नळ्या कुठल्याही मोटारसायकलवर बसणार नाहीत, ताबडतोब मोजल्या जातील आणि पट्टी माणूस बघेल. डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहून दिलंय. काहींच्या पेशी सायट्रेटमध्येही घोळका करतात, तसं झालं तर आणखी मार्ग आहेत, तेही त्यांनी सांगून ठेवलंय.

दोन्ही नळ्यांत आणि पट्टीवर पेशी खरंच कमी निघाल्या, तर तुमच्यावरचा आरोप मी याच जागी, एवढ्याच मोठ्या अक्षरात मागे घेईन. मग पुढची यादी आहे: बी-१२, यकृत, प्लीहा, चालू गोळ्या, आपल्याच पेशींवर उलटलेली प्रतिकारशक्ती, आणि मोबाइलने तिसऱ्या ओळीत काढलेलं ते नावही. ती यादी डॉक्टरांच्या टेबलावर आहे. मी अजून ती मागितलेली नाही.

आणि निळ्या नळीतला आकडा दीड लाखाच्या वर गेला, तर एक कागद लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवणार आहे, आधार कार्डाच्या शेजारी: ‘या बाईंच्या प्लेटलेट्स जांभळ्या नळीत मोजू नयेत.’ उद्या कुठे ऑपरेशनची वेळ आली, कुठल्या परक्या गावात बेशुद्ध पडले, तर तुम्ही माझ्याविरुद्ध पुन्हा साक्ष देऊ नये एवढ्यासाठी. डेंग्यूच्या दिवसांत तर हा कागद गळ्यात घालून फिरीन.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
एक खातेदार (आकडा तपासाधीन)

ता. क. सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायला, उपाशीपोटी जावं लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नणंदबाईंना मी उपास लागतो म्हणून सांगितलंय. तेवढी एक सकाळ शेळीपासून सुटका.